उंची बघून घे

मत्सर या शब्दात शुद्धलेखनाची चूक करायला जागाच नाही. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं, पण इतका निष्पाप दिसणारा शब्द मी दुसरा पाहिला नाही. माणसाच्या मनातही तो तसाच शिरतो, मांजरीच्या पावलांनी. आपण आपले चहाचा कप घेऊन खिडकीत उभे असतो, उन्हाची तिरीप कपात पडलेली असते, आणि खाली साडूची नवी गाडी येऊन थांबते.

आमचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नळ, बेसिनं आणि न्हाणीघरात जे जे चकाकतं ते सगळं विकतात. चकाकीशी त्यांचं जुनं सख्य. पण ही गाडी नुसती चकाकत नव्हती. ती काळी होती, आणि त्या काळ्यात आमची अख्खी इमारत, वाळत घातलेल्या चादरींसकट, उलटी दिसत होती. साडूंनी हॉर्न वाजवला असं म्हणवत नाही. श्रीमंत माणूस घसा खाकरतो तसा तो हॉर्न खाकरला.

"खाली या हो. तुम्हाला दाखवायलाच आणलीय," साडू म्हणाले.

मी गेलो. जिन्यात चेहऱ्यावर कौतुक चढवलं आणि ते दारापर्यंत टिकवलं.

"बसा. दार जरा हळू हं, ते आपलं आपण लागतं."

बसलो. सीटला बारीक बारीक भोकं होती. "ही भोकं कशाला?"

"त्यातून गार हवा येते. बसल्या जागी."

बसल्या जागी मला जे काही येत होतं ते गार नव्हतं.

एवढ्यात आई कठड्याला धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी खाली आली. आईला बोलता बोलता यमक जुळतं. दुसऱ्यांच्या आयांना उचकी लागते तसं. तिनं गाडी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं, आणि पदराआडून पुटपुटली,

*गाडी आली काळी, उभी ती सकाळी,*
*लेकाच्या कपाळी, आठी पडे.*

"काकू, चला, तुम्हाला एक चक्कर मारून आणतो," साडू म्हणाले. त्यांनी दार सताड उघडलं. आईनं त्या दाराकडे पाहिलं, खालच्या पायरीकडे पाहिलं, उगाच आभाळाकडे पाहिलं. "नको रे बाबा," ती म्हणाली. "नंतर कधीतरी."

माझा ऊर भरून आला. माझी आई साडूच्या गाडीत बसली नाही. जगात निष्ठा अजून शिल्लक आहे, असं मला वाटलं. मला तेव्हा बरंच काही वाटत होतं.

संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की आपल्यालाही गाडी बदलावी लागेल. साडूंचा विषय मी काढलाच नाही. कुटुंबाचा काढला. कुटुंब हा शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतो. त्याच्या आड एक अख्खा माणूस लपतो.

आणि खरंच, कारण होतं. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, दूरच्या गावी एकटी राहते. दोघी रोज तिन्हीसांजेला फोनवर बोलतात, एक बोलते तेव्हा दुसरीही बोलत असते. पूर्वी आई वरचेवर तिच्याकडे जायची. गेल्या वर्षापासून जाणं थांबलं होतं. "चल सोडतो" म्हटलं की आई म्हणायची, "आता त्या गाडीतून होत नाही रे माझ्याच्यानं." आमची जुनी गाडी रस्त्यातला प्रत्येक खड्डा मोजते आणि मोजून आपल्याला सांगते, तेव्हा तिला धक्के सोसत नसतील असं मी धरून चाललो होतो. म्हणजे मऊ गाडी हवी. म्हणजे भारी गाडी हवी. म्हणजे, ओघानंच, साडूंच्या गाडीहून भारी गाडी हवी. तर्क कसा, दगडी बांधकामासारखा पक्का.

"खरं सांगा," बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि घरी येऊन मला. "कुठं दुखतंय? भाऊजींच्या गाडीनं दुखतंय ना?"

"आईला मावशीकडे न्यायचंय."

"बरं. दुखायला लागलं तर हात वर करा." पैशाचं खातं आमच्याकडे तिच्या हातात आहे, आणि त्या खात्यानं मान डोलावली. म्हणून तर ही गोष्ट घडली.

मी आईला विचारलं, "आई, तुझ्यासाठीच घ्यायचीय. कशी घेऊ?"

आई बटणं लावत बसली होती. तोंडातला दोरा न काढता ती म्हणाली, "घे की. पण उंची बघून घे."

ऐकलंत? माझ्या आईच्या तोंडून. काटकसरीत जन्म काढलेल्या, जुन्या चादरींचे अभ्रे आणि अभ्र्यांची पायपुसणी करणाऱ्या बाईनं स्वतःहून म्हणावं, उंची बघून घे. साडी चांगली बघून घे, भांडं जाड बघून घे, तशी गाडी उंची बघून घे. मला वाटलं, माझ्या मनातलं पोटातलं सगळं तिला कळलं. आई ती आई.

गाडी घ्यायची हे कळायला इमारतीला फोन लागत नाही. वरच्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, जिन्यातच अडवून म्हणाले, "गाडी घेताना विकायचा विचार आधी करावा."

"मग घ्यायची कशाला?"

"तेच मी म्हणतोय."

समोरच्या काकूंनी सांगितलं की पांढरी घेतली तर मळते, काळी घेतली तर तापते, लाल घेतली तर पोलीस थांबवतात. मग कोणती घ्यावी असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आमची विकायचीय."

माझ्या मुलीनं मात्र एका दुपारात तीन गाड्या निवडून काढल्या. तिन्ही मध्यम आकाराच्या, उंची थाटाच्या एसयूव्ही. मध्यमवर्गाला मध्यम आकार, हे मला न्यायाचं वाटलं. घरात त्यांना नावं पडली. पहिलीच्या तोंडावर चकचकीत दांड्यांची मोठी जाळी होती, म्हणून ती दातवाली. ("हिला लावलेली तार काढायची वेळ झालीय," बायको म्हणाली.) दुसरीला पुढून मागपर्यंत काचेचं छप्पर होतं, ती आभाळवाली. तिसरी होती ती बसकी. तिन्हींत ठेंगणी. तिच्याकडे मी पाहिलं, न पाहिल्यासारखं. साडूंच्या गाडीशेजारी ती थोरल्याच्या लग्नात धाकट्यासारखी दिसली असती.

आम्ही सगळे शोरूममध्ये गेलो. आत फरशी इतकी स्वच्छ की माझ्या बुटांना संकोच वाटला. तिथल्या विक्रेतीनं दातवालीपाशी उभं राहून हात पसरले. "सर, ही नुसती गाडी नाही. हे एक स्टेटमेंट आहे."

"विधान?" मी सवयीनं विचारलं.

"हो सर. विधान."

"कोणाविरुद्ध?" बायकोनं विचारलं.

मग विक्रेती म्हणाली की हात सामानानं भरलेले असले तर मागचं दार लाथेनं उघडतं. बंपरखाली नुसता पाय हलवायचा. मी हलवला. दार उघडलं नाही. डावा हलवला. मग दोन्ही, अर्थात आळीपाळीनं. शोरूममधली इतर गिऱ्हाइकं जमली. एका छोट्या मुलीनं आईला विचारलं, "हे काका नाचतायत का?" शेवटी मी कंटाळून मागं सरलो, तशी त्या दारानं एक उसासा टाकला आणि ते उघडत माझ्या हनुवटीला लागलं.

"दुखलं तर हात वर करा म्हटलं होतं," बायको म्हणाली.

चालवून बघतानाही गाडीनं माझा मान ठेवला नाही. मी जरा कडेला गेलो की स्टिअरिंग थरथरायचं, जणू सासरेबुवा शेजारी बसलेत. मग पुढच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आलं आणि अक्षरं उमटली, "विश्रांति घ्या". त्यात विश्रांतीचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला होता. तरीही मला ती आवडली. ती उंच होती, रागीट होती, आणि तिच्या खिडकीतून खालच्या जगाकडे पाहताना वाटत होतं की साडूही खाली कुठंतरी असतील.

आई मात्र एकाही गाडीत बसली नाही. शोरूमच्या सोफ्यावर बसून राहिली. "तुम्ही या फिरून. मी आहे इथं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, झगमगाटानं बुजली. परतल्यावर पाहतो तर तिनं विक्रेतीला जवळ बसवून तिच्या गळलेल्या बटणाची जागा सुईदोऱ्यानं भरून दिली होती.

गाडी ठरवण्याआधी, विक्रेती म्हणाली, सोसायटीकडून जागेचा दाखला आणा. इथं घोडं अडलं.

आमचे सेक्रेटरी पाणीखात्यातून निवृत्त झाले आहेत. तिथं त्यांनी हयातभर लोकांचे अर्ज परत पाठवले, आणि निवृत्तीनंतर ती सवय मोडू नये म्हणून सोसायटीनं त्यांना निवडून दिलं. मी अर्ज लिहिला. सुंदर लिहिला, दर ओळीला जीव लावून. "मी लवकरच एक उंची गाडी घेत असून, तिच्यासाठी तळमजल्यावर जागा मिळावी." हे वाक्य मी दोनदा मोठ्यानं वाचलं. "उंची" या शब्दाशी आवाज जरा जड होत होता.

दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. माझ्या अर्जावर लाल पेन्सिल चालली होती. मी, ज्याच्या लाल पेन्सिलीला मोठमोठे लेखक घाबरून असतात, त्याच्या अर्जात सेक्रेटरींनी "उंची"ची वेलांटी खोडली होती आणि समासात लिहिलं होतं, "उंच. शुद्ध लिहा. उंच वाहनांना मनाई."

मी तडक त्यांच्या दारात.

"उंच वेगळं आणि उंची वेगळं," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो. "उंची म्हणजे भारी. दर्जेदार. उंची कापड म्हणतो ना आपण?"

"मग गाडीला उंची नाही म्हणता?"

"आहे ना. प्रत्येक गाडीला असते."

"झालं तर मग," सेक्रेटरी म्हणाले. "किती?"

"अहो पण इथं ते विशेषण आहे."

"विशेषण असो नाहीतर गाडी असो, पार्किंगच्या तोंडावरच्या तुळईखालून गेलं पाहिजे. मागं एकानं टेम्पो आणला होता. तुळईचा कोपरा अजून जायबंदी आहे."

प्रकरण कार्यकारिणीपुढे गेलं. "उंची" या शब्दाचा अर्थ काय, यावर बैठक झाली. बँकवाले काका माझ्या बाजूनं बोलले, पण बोलता बोलता पुनर्विक्रीकडे वळले. समोरच्या काकू म्हणाल्या की त्यांची गाडी अजून विकायची आहे आणि ती तुळईखालून आरामात जाते. शेवटी ठराव झाला, की अर्जदारानं गाडी प्रत्यक्ष आणून दाखवावी. आणि या सगळ्यात जे व्हायचं ते झालं. गाडी यायच्या आधी तिचं विशेषण गावभर झालं. ताईंचा, म्हणजे मेव्हणीचा फोन आला. "ऐकलं, आमच्याहून उंची घेताय म्हणे. हे तर दोन दिवस जेवतानासुद्धा गप्प आहेत."

साडू जेवताना गप्प. त्या रात्री मला अशी झोप लागली, की बायकोनं नाडी पाहिली.

पण आता माघार नव्हती. "आमच्याहून उंची" हे शब्द बाजारात फिरू लागले होते, आणि माझ्या डोक्यात उंची आणि उंच या दोन सख्ख्या बहिणी हळूहळू एकमेकींचे कपडे घालू लागल्या होत्या. समजा, दातवाली साडूंच्या गाडीशेजारी उभी केली आणि बोटभर कमी भरली तर? माहितीपुस्तिकेत उंचीचा आकडा होता, पण तो छतावरच्या दांड्या धरून की सोडून, हे लिहिलेलं नव्हतं. हल्ली मुद्रितं नीट तपासली जात नाहीत. तेव्हा प्रत्यक्ष मोजावं, म्हणून मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप खिशात घातला आणि साडूंच्या घराकडे सहज फिरायला गेलो. सहज, म्हणजे दोन बस बदलून.

गाडी फाटकाच्या आत उभी होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. टेपचं एक टोक चाकाखाली दाबलं, दुसरं छताकडे नेलं. टेप माणसाच्या छातीसाठी केलेला, गाडीच्या छातीला तो पुरेना. मी टाचा उंचावून, गालफाड त्या गार काळ्या पत्र्याला लावून उभा होतो, आणि त्या पत्र्यात मला साडू दिसले. माझ्या मागंच.

"काय करताय हो?"

माणसाच्या तोंडून अशा वेळी जे निघतं त्याला तो स्वतः जबाबदार नसतो. "कव्हर," मी म्हणालो. "कव्हर शिवून घ्यायचंय. गाडीला."

"कुणाच्या?"

"तुमच्या. म्हटलं, धूळ बसते. आमच्याकडून भेट."

साडूंचा चेहरा असा उजळला, की मला खाली बघावं लागलं. "अहो, एवढं कशाला," ते म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी टेपचं टोक आपल्या हातानं धरलं. "घ्या, लांबीही घ्या. आरशांना वेगळे कान ठेवायला सांगा हं." मग आम्ही दोघांनी मिळून ज्या गाडीनं माझी झोप उडवली होती तिची लांबी, रुंदी, उंची प्रेमानं घेतली. आत त्यांच्या आई खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी मला हात केला. मीही केला, टेपसकट.

कव्हर शिवावं लागलं. मऊ अस्तराचं, कानांसकट. बायको पोट धरून हसली. मी म्हणालो, निदान झाकली गेली तरी. पण साडूंनी कव्हर घालून गाडीचा फोटो पाठवला. झाकलेली असूनही ती उंचीच दिसत होती.

मग सोसायटीच्या ठरावाप्रमाणे दातवाली आमच्या दारात आली. विक्रेती स्वतः चालवत घेऊन आली होती. तुळईपाशी सेक्रेटरी हातात केरसुणीचा दांडा आडवा धरून उभे राहिले. इमारत गॅलऱ्यांत जमली. गाडी इंचाइंचानं पुढं सरकली. छप्पर गेलं, दांड्या गेल्या, आणि छताच्या मागच्या टोकाला माशाच्या पंखासारखं जे काही असतं ते तुळईला लागून कर्र असं वाजलं.

"विशेषण लागलं," सेक्रेटरी म्हणाले.

"पंख काढता येतो सर," विक्रेती घाईनं म्हणाली.

मी ते ऐकलं नाही. कारण मी तेव्हा, सगळ्या इमारतीदेखत, आईचा हात धरून तिला गाडीकडे आणत होतो. हाच तो क्षण होता ज्याची मी मनात कितीदा तरी उजळणी केली होती. माझी आई उंची गाडीत बसणार आणि थेट मावशीच्या दारात उतरणार. "बस आई," मी म्हणालो.

आईनं उजवा पाय उचलला. तो पायरीपर्यंत गेला नाही. डावा उचलून पाहिला. मग तिनं दाराची मूठ धरली, मी पाठीशी हात लावला, बायकोनं दंड धरला, आणि आई अर्धी वर, अर्धी खाली अशी थांबली. पाखरू उंबऱ्यावर थांबतं तशी. ना घरात, ना अंगणात. तिच्या गुडघ्यात काहीतरी बारीक वाजलं. तुळईपेक्षा हळू, पण ते मात्र मी ऐकलं.

"उतरव रे मला," ती म्हणाली.

तिला पायरीवर टेकवलं. मी समोर उकिडवा बसलो. गॅलऱ्यांतली माणसं शहाण्यासारखी आत गेली. समोरच्या काकूंनी सुद्धा आपल्या गाडीचा विषय काढला नाही.

"अगं, बोलली का नाहीस?"

"बोलले की." आई गुडघा चोळत होती. "म्हटलं होतं ना, उंची बघून घे. आपली जुनी इतकी खाली, की बसलं तर उठवत नाही. तुझ्या साडूची इतकी वर, की चढवत नाही. मधली बघ म्हटलं. बसताना माझ्या कमरेला येईल अशी." आणि मग, दुखणं आणि यमक दोन्ही एकदमच आल्यासारखी,

*बोलले मी साधं, ऐकलं तू अर्धं,*
*शब्दाचं प्रारब्ध, कानापाशी.*

म्हणजे ती त्या सकाळी साडूंच्या गाडीत बसली नाही ती निष्ठेनं नव्हे, गुडघ्यानं. वर्षभर मावशीकडे गेली नाही ती धक्क्यांमुळे नव्हे, त्या खड्ड्यासारख्या सीटमधून चार माणसांत वर ओढून घ्यायची लाज वाटून. आणि मी, लोकांचे अनुस्वार पकडणारा, माझ्याच आईच्या एका शब्दात साडू ऐकत बसलो होतो.

इथं माणसानं तत्काळ सुधारायला हवं. पण मत्सराला गुडघे नसतात, तो वाकत नाही. मधली उंची म्हणजे बसकी. आणि बसकी साडूंच्या गाडीशेजारी चांगली वीतभर कमी. मी घरात येरझारा घालू लागलो. दातवालीला खालून पायरी जोडता येईल का? आईला आधी एखाद्या स्टुलावर उभं करून मग? गाडी खड्ड्यात उभी करून आई काठावरून?

बायकोनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि दाढ काढायच्या आधी ती जसा आवाज मऊ करते तसा केला. "अहो, एकदाचं ठरवा. साडू की सासू?"

तिची सासू, म्हणजे माझी आई. एका अक्षराचा फरक. असले फरक ओळखायचा तर मला पगार मिळतो.

दुसऱ्या दिवशी बसकीसमोर आईला उभं केलं. विक्रेतीनं दार उघडलं. आईनं पाठ फिरवली, मागं न बघता हात टेकला, आणि बसली. बस्स. जशी आपल्या स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसते तशी. मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. मी धरायला पुढं केलेला हात तसाच हवेत राहिला. आईनं सीटवरून हात फिरवला, एकदा उतरली, पुन्हा बसली, पुन्हा उतरली, झोपाळा सापडलेल्या पोरीसारखी.

*नाही चढ-उतार, उघडलं दार,*
*लेकाचा आधार, लागेचना.*

खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला त्या ठेंगण्या गाडीचाही थोडा हेवा वाटला. आईला बसवायचं काम इतकी वर्षं माझं होतं.

बसकी घरी आली. तुळईखालून जाताना वर हातभर जागा उरली आणि सेक्रेटरींचा चेहरा पडला. दाखल्यावर त्यांनी "उंच नाही" असं लिहिलं. मी ते दुरुस्त केलं नाही.

मावशीकडे निघायच्या सकाळी मी डिकीत पिशव्या ठेवत होतो, आणि तेच खाकरणं ऐकू आलं. साडू. काळी गाडी बसकीच्या शेजारी येऊन थांबली, आणि मला ज्याची भीती होती ते सगळ्यांदेखत झालं. खरोखरच वीतभर. साडूंनी दोन्ही छतांवरून नजर फिरवली, ओठांत हसू दाबलं. "छान आहे. सुटसुटीत आहे," ते म्हणाले. सुटसुटीत. लोक भाड्याच्या खोल्यांना म्हणतात तसं.

मी पोटात दुखण्याची वाट पाहत होतो, आणि ते वेळेवर आलंही. पण तेवढ्यात आई जिना उतरून आली. कोणाकडे न बघता दार उघडलं, पाठ फिरवली, बसली, पाय आत घेतले, पदर नीट केला.

साडूंचं हसू जागच्या जागी विरलं. ते बघतच राहिले. तो चेहरा मी ओळखला. काळ्या पत्र्याला गालफाड लावून उभा होतो तेव्हा माझाच तसा चेहरा मला अगदी जवळून दिसला होता.

"काकू एकट्या बसल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज बसते. काम नसलं तरी बसते."

साडू आपल्या गाडीला टेकले. कव्हरची घडी मागच्या सीटवर नीट ठेवलेली दिसत होती. "आमची आई," ते म्हणाले, "नवीन गाडीत अजून बसलीच नाही हो. दर वेळी म्हणते, नंतर कधीतरी. मला वाटलं, तिला रंग आवडला नाही." मग इकडंतिकडं बघून त्यांनी विचारलं, "हिची उंची काय हो? सीटची?"

माझा हात खिशात गेला. टेप तिथंच होता. मी एक टोक त्यांच्या हातात दिलं. नळांचा एवढा मोठा व्यापारी, इस्त्रीच्या पँटचा विचार न करता जमिनीवर गुडघा टेकून बसला आणि टोक फरशीला घट्ट धरलं. दुसरं मी आईच्या शेजारच्या सीटच्या काठाला लावलं. आम्ही दोघांनी वाकून आकडा वाचला. त्यांनी तो ओठांत दोनदा म्हटला.

"मग मीही हीच घेतो," साडू उठत म्हणाले, आणि पँट झटकली. झटकता झटकता त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "यात वरचं मॉडेल येतं ना? काचेच्या छपराचं?"

येतं. मला माहीत होतं की येतं. आणि माहीत होतं की ते तेच घेणार, भोकाभोकांच्या सीटसकट. तो निष्पाप शब्द पुन्हा आत शिरला, काना-मात्रा न वाजवता.

आईनं काच खाली केली. "काय म्हणतोय रे तो?"

"हीच गाडी घेतायत. पण वरची."

"वरची?" आई काळजीनं म्हणाली. "उंची तीच ना?"

"तीच, काकू," साडू म्हणाले. "उंची तीच."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि काच वर करता करता, "चल रे, निघ आता. ती बिचारी सकाळपासून दारात उभी असेल."